दर्याकाठची गावे

[अलिबाग हे रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. सुट्टीच्या दिवसांत तेथे प्रवाशांची मोठी गर्दी होते. परंतु अलिबागपासून मुरूडपर्यंत समुद्राच्या काठाने अनेक लहान व शांत गावे वसलेली आहेत. ही गावे कशी पाहावीत आणि तेथे कसे वागावे, याची माहिती या पाठात दिली आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे मुंबईत राहतात, त्यांना समुद्र नवीन नाही. मालेगावच्या किंवा अकोल्याच्या मुलांना मात्र तो सहलीतच पाहायला मिळतो. अशी सहल बहुधा अलिबागला जाते. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने सुमारे एका तासात मांडव्याला पोहोचता येते. तेथून बसने अलिबाग गाठता येते. पावसाळ्यात ही लाँचसेवा बंद असते. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी मोठी बोटही सुरू झाली आहे. त्यामुळे शनिवार-रविवारी अलिबागला मोटारींची रांगच लागते. किनाऱ्यावर घोडागाड्या, भेळेच्या गाड्या आणि माणसेच माणसे! समुद्राचा आवाजसुद्धा नीट ऐकू येत नाही.

याच अलिबागची एक जुनी गोष्ट ऐका. मुंबईत कुलाबा येथे एक वेधशाळा होती. पृथ्वीच्या चुंबकत्वात होणारे बारीकसारीक बदल तेथे नोंदवले जात. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे या नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून शास्त्रज्ञांनी शांत जागेचा शोध सुरू केला आणि १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. यंत्रांना त्रास होऊ नये म्हणून तिच्या बांधकामात लोखंड टाळले गेले. ती वेधशाळा आजही काम करते. पाहा बरे, शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञ शांततेसाठी अलिबागला आले. आज शांतता हवी असेल, तर अलिबागच्याही पुढे जावे लागते!

तेव्हा चला, अलिबागहून दक्षिणेकडे जाणारी एस.टी. पकडू या.

पाच-सहा किलोमीटरवर आक्षी हे गाव लागते. किनाऱ्यावर सुरूचे दाट बन आहे. त्यातून वारा वाहतो, तेव्हा सूं सूं असा आवाज येतो. या गावात एक कोरीव लेख असलेला जुना दगड आहे. अनेक अभ्यासकांच्या मते तो लेख शके ९३४ मधील, म्हणजे इ.स. १०१२ मधील आहे. मराठी भाषेतील सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. जी भाषा तुम्ही या पुस्तकातून शिकत आहात, ती सुमारे एक हजार वर्षांपूर्वी या लहानशा गावात दगडावर कोरली गेली होती.

आक्षीच्या पुढे नागाव लागते. येथे घरे सहज दिसत नाहीत. प्रथम दिसतात त्या वाड्या. नारळाची उंच झाडे, त्यांच्याखाली पोफळी, मधूनमधून केळी आणि मिरीचे वेल. पोफळीच्या फळालाच आपण सुपारी म्हणतो. प्रत्येक वाडीत एक विहीर असते. तिच्या पाण्यावर वाडी जगते आणि वाडीवर घर जगते.

त्यानंतर येते चौल. आज हे एक साधे गाव वाटते. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी येथे मोठे बंदर होते. अरब लोक चौलला 'सैमूर' म्हणत. प्रसिद्ध अरब इतिहासकार अल-मसूदी हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, येथे आला होता. त्याने लिहून ठेवले आहे, की या शहरात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यांत सिराफ, उमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले व्यापारी होते आणि या भूमीतच जन्मलेलेही होते. त्यांचे आपसातील व्यवहार पाहण्यासाठी येथील हिंदू राजाने त्यांच्यातूनच एक प्रमुख नेमला होता. पुढे पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी घोडा विकण्यासाठी याच बंदरात उतरला. चौलला लागूनच असलेल्या रेवदंड्यात त्याच्या स्मरणार्थ स्तंभ उभारलेला आहे. रेवदंड्याला पोर्तुगीजांनी बांधलेल्या कोटाच्या भिंती आज नारळीच्या वाड्यांमध्ये उभ्या आहेत.

रेवदंड्याजवळ कुंडलिका नदी समुद्राला मिळते. खाडीवरचा पूल ओलांडला, की कोर्लई येते. डोंगराच्या सोंडेवर किल्ला आहे आणि पायथ्याशी दीपगृह आहे. १७४० साली मराठ्यांनी हा भाग पोर्तुगीजांकडून घेतला. पोर्तुगीज निघून गेले, पण त्यांची भाषा काही अंशी येथेच राहिली. कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबे घरात एक वेगळीच बोली बोलतात. तिच्यात पोर्तुगीज शब्द आहेत आणि मराठीची वळणे आहेत. तिला ते 'नोलिंग', म्हणजे 'आमची भाषा', असे म्हणतात. ही बोली बोलणारी माणसे जगात हजाराच्या आसपासच असतील. त्यांची मुले घरात ही बोली बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. तुम्हीही घरात एक भाषा बोलता आणि शाळेत दुसरी शिकता. मग कोर्लईची मुले तुम्हांला परकी कशी वाटतील?

या किनाऱ्यावर भाषांची अशी सरमिसळ जागोजाग आढळते. अलिबाग, नवगाव, रेवदंडा या भागांत बेने इस्राएल म्हणजे ज्यू लोक शेकडो वर्षे राहत आले. त्यांचा मूळ धंदा तेल गाळण्याचा होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची मातृभाषा मराठीच होती. त्यांतील पुष्कळ लोक पुढे इस्राएलला गेले आणि तेथेही त्यांनी 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिक चालवले. मुरूडच्या परिसरात कोकणी मुसलमानांची वस्ती आहे. ते घरात कोकणी बोलीत बोलतात आणि त्यांची अनेक मुले तुमच्यासारखी उर्दू शाळेत जातात.

कोर्लईनंतर काशीद आणि नांदगाव ही गावे मागे टाकून बस मुरूडला पोहोचते. अलिबागपासून हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. मुरूडजवळच्या राजपुरी गावातून शिडाच्या होडीने जंजिरा किल्ल्याकडे जाता येते. चारही बाजूंनी खारे पाणी आणि किल्ल्यात मात्र गोड्या पाण्याचे तलाव! हा किल्ला सिद्दींचा होता. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले होते. अनेकांनी प्रयत्न केले, पण जंजिरा कोणालाही जिंकता आला नाही. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले.

'जंजिरा' हे नाव ऐकून तुम्हांला काही आठवले का? अरबी 'जझीरा' म्हणजे बेट. त्याचाच हा जंजिरा झाला. असे ओळखीचे शब्द तुम्हांला या किनाऱ्यावर पावलोपावली भेटतील. होडीच्या मालकाला कोळी 'नाखवा' म्हणतात. तो फारसीतील 'नाखुदा' होय. होडीवर काम करणारा खलाशी, होडीला दिशा देणारे सुकाणू, पाऊस आणणारे मोसमी वारे, हे सारे शब्द अरबीतून आले. 'दर्या' हा शब्द तर मोठा गमतीचा आहे. तुमच्या उर्दूत दर्या म्हणजे नदी. कोळ्यांच्या मराठीत दर्या म्हणजे समुद्र! म्हणून एखादा कोळी म्हणाला, "दर्या आज खवळलाय," तर नदी शोधू नका.

मित्रांनो, दुपारी या गावांत गेलात, तर गाव झोपलेले दिसेल. अंगणात माणूस नाही, वाटेवर माणूस नाही. प्रवाशांना वाटते, येथे कोणी काही करतच नाही. हे खरे आहे काय? कोळी भरती-ओहोटीच्या वेळा पाहून होड्या दर्यात लोटतात. कधी मध्यरात्री, कधी पहाटे. होड्या परतल्या, की मासळी निवडायची, विकायची आणि उरलेली मीठ लावून उन्हात वाळत घालायची. कोळणी डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जातात. फाटलेली जाळी दुरुस्त करावी लागतात. जून व जुलै या महिन्यांत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या काळात होड्यांची डागडुजी चालते. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ अर्पण करतात आणि नव्या हंगामासाठी सज्ज होतात. म्हणजे गाव शांत असते ते रिकामे असल्यामुळे नव्हे. रात्रभर राबलेली माणसे दुपारी विश्रांती घेत असतात. आपण मोठ्याने गाणी लावत तेथून गेलो, तर त्यांची झोपमोड होते.

वाळूवर किंवा बांबूच्या मांडवावर मासळी वाळत घातलेली दिसेल. तिच्या वासाने नाक मुरडू नका. कोणाच्या तरी घरची ती वर्षाची बेगमी असते. तिच्यावरून चालू नका आणि वाळूत गाडी घालू नका.

आता पाण्याविषयी थोडे समजून घेऊ. समुद्रकाठच्या जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी साठलेले असते. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. विहिरीतून बेताने पाणी काढले, तर ते गोडेच राहते. पण एकाच वेळी फार उपसा केला, तर खालचे आणि समुद्राकडचे खारे पाणी विहिरीत शिरते. मग ते पिण्याला उपयोगी पडत नाही आणि वाडीलाही मानवत नाही. शहरातून आलेले पाहुणे नळ सोडून ठेवतात, तेव्हा त्याची किंमत कोण मोजतो, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

वाडी उभी करणे सोपे नसते. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकले. काही तासांत नारळी-पोफळीची असंख्य झाडे आडवी झाली. आजोबांनी लावलेली बाग नातवाच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. लोकांनी पुन्हा रोपे लावली. अनेक कुटुंबांना अशा वेळी पाहुण्यांचाच आधार होतो. ती घरातील एखादी खोली पाहुण्यांना देतात, जेवण करून घालतात, वाडीतील नारळ आणि भाताच्या पिकानंतर घेतलेला पांढरा कांदा विकतात. अलिबागच्या या गोडसर कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणून पाहुण्यांनी येऊच नये, असे गावकरी कधी म्हणत नाहीत. पाहुण्यांनी पाहुण्यासारखे यावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

पाहुण्यासारखे म्हणजे कसे? प्रथम माणसांशी बोला. घरी तुम्ही 'चाचा' म्हणता, येथे 'काका' म्हणा. मासळी विकणाऱ्या बाईंना 'मावशी' म्हणा. "मावशी, तुमचा फोटो काढू का?" असे विचारूनच फोटो काढा. त्या नको म्हणाल्या, तर राग मानू नका. मुरूडला नवाबांचा सुंदर राजवाडा आहे. ती खाजगी मालमत्ता आहे, म्हणून तो बाहेरूनच पाहावा. नारळ विकत घ्या, पण कोणाच्या वाडीत न विचारता शिरू नका. आपला कचरा आपल्याच पिशवीत घालून परत आणा. तुमची मराठी मोडकीतोडकी असली, तरी संकोच करू नका. परका मुलगा आपल्या भाषेत बोलतो आहे, हे पाहून म्हातारी माणसेसुद्धा जवळ बसवून घेतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगायची आहे. ती नीट लक्षात ठेवा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडला आली होती. त्या दिवशी १४ विद्यार्थी समुद्रात बुडून मरण पावले. ती मुले तुमच्यापेक्षा थोडीच मोठी होती. घरून निघताना त्यांनीही आईला लवकर येतो असेच सांगितले असेल.

शांत किनाऱ्यावरचा समुद्र शांत दिसतो, पण तो नेहमी तसा नसतो. दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. ओहोटीच्या वेळी पाणी आत ओढून नेते. काही ठिकाणी वाळू एकाएकी खोल उतरते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. त्यामुळे काल दहा वाजता जेथे कोरडी वाळू होती, तेथे आज दहा वाजता तशीच असेल, असे नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो. पण परतण्याची वेळ चुकली, तर माणूस पाण्यात अडकतो.

भरती-ओहोटीचा संबंध चंद्राशी आहे. हिजरी महिन्याची तारीख तुम्हांला ठाऊक असतेच. महिन्याच्या आरंभी नवा चंद्र दिसतो, तेव्हा आणि चौदाव्या-पंधराव्या रात्री चंद्र पूर्ण असतो, तेव्हा समुद्राला उधाण येते. पाणी खूप वर चढते आणि खूप मागेही हटते. सातव्या-आठव्या आणि बाविसाव्या-तेविसाव्या तारखेच्या सुमारास भरती लहान असते. तिला कोळी 'भांग' म्हणतात. घरातील दिनदर्शिका पाहून हे तुम्हांला आधीच ताडता येईल. तरीही पाण्याजवळ जाण्यापूर्वी एखाद्या कोळ्याला अवश्य विचारा, "काका, आता भरती आहे की ओहोटी? येथे पाण्यात उतरावे का?" तो नको म्हणाला, तर उतरू नका. पोहता येत असले तरी उतरू नका. त्याने हा दर्या लहानपणापासून पाहिलेला असतो. विचारायला चार शब्दांची मराठी पुरते आणि त्या चार शब्दांनी जीव वाचू शकतो.

तर मित्रांनो, पुढच्या सुट्टीत अलिबागला गेलात, तर एक दिवस या गावांसाठी राखून ठेवा. सुरूच्या बनात बसा, आक्षीचा दगड पाहा, राजपुरीच्या धक्क्यावर जाळी विणणाऱ्या काकांशी बोला. संध्याकाळी परतताना आपण बसलो होतो ती जागा एकदा मागे वळून पाहा. ती तुम्ही आलात तेव्हा होती तशीच स्वच्छ दिसली, तर गावकरी तुम्हांला म्हणतील, "पुन्हा या हं, बाळांनो!"

शब्दार्थ

वेधशाळा – आकाश, हवामान, चुंबकत्व इत्यादींची निरीक्षणे नोंदवण्याची जागा
सुरू – समुद्रकाठी वाढणारे सरळ, उंच झाड
पोफळ – सुपारीचे झाड
वाडी – नारळ, पोफळ इत्यादी झाडांची बाग
कोट – तटबंदी, किल्ला
दीपगृह – जहाजांना वाट दाखवणारा दिव्याचा मनोरा
सरमिसळ – मिश्रण
घाणा – तेल गाळण्याचे साधन
बेगमी – पुढच्या काळासाठी केलेला साठा
उपसा – पाणी काढणे
उधाण – समुद्राला येणारी मोठी भरती
ताडणे – अंदाजाने ओळखणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अरब लोक चौलला कोणत्या नावाने ओळखत?
(आ) कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबे आपल्या बोलीला काय म्हणतात?
(इ) आक्षी येथील दगड कशासाठी प्रसिद्ध आहे?
(ई) भरतीची वेळ दररोज किती मिनिटांनी पुढे जाते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) वेधशाळा मुंबईहून अलिबागला नेण्यात आली.
(आ) कोळ्यांची गावे दुपारी झोपलेली दिसतात.
(इ) समुद्रकाठच्या विहिरीतून एकाच वेळी फार पाणी उपसू नये.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) समुद्रकाठच्या गावी पाहुण्याने कसे वागावे?
(आ) चंद्र आणि भरती-ओहोटी यांचा संबंध स्पष्ट करा.

प्र. ४. जंजिरा, नाखवा, सुकाणू, खलाशी, दर्या या शब्दांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करा. 'दर्या' या शब्दाच्या मराठी व उर्दू अर्थांतील फरक लिहा.

प्र. ५. तुम्ही समुद्रकाठच्या एका गावी गेला आहात, अशी कल्पना करा. तेथील कोळी काका आणि तुम्ही यांच्यातील संवाद आठ ते दहा वाक्यांत लिहा.

उपक्रम : उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे वीस शब्द गोळा करा. त्यांचे अर्थ सारखे आहेत की वेगळे, ते वर्गात सांगा.